बेहदाण्याचं झाड

जिन्यात वास दरवळला की मला कळतं, ऑक्टोबर लागला. कॅलेंडरकडे बघावं लागत नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या घरमालकीण, फ्राऊ क्राउस, मागच्या बागेतल्या झाडावरची क्विटे उतरवतात आणि वेताच्या जुन्या टोपलीत भरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवतात. ज्याला हवी त्यानं न्यावीत. हे फळ म्हणजे पेरू आणि सफरचंद यांचं भांडण न मिटल्यासारखं काहीतरी असतं. पिवळंधमक, वेडंवाकडं, अंगावर राखाडी लव. कच्चं खायला जावं तर दात आंबतात आणि घसा आवळून येतो. पण वास मात्र असा, की दोन मजले चढून तो आमच्या दारातून आत येतो आणि कपड्यांच्या कपाटात जाऊन बसतो.

या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी आहे. जर्मनीतल्या या बॉबलिंगेन गावात याला केरवोखे म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि ती पाटी असताना जिन्यात एक पान जरी दिसलं तरी अख्ख्या इमारतीला तुमचं वळण कळतं. तर झाडू घेऊन मी वरून निघाले, दोन मजले नीट झाडले, आणि टोपलीपाशी पोचले ती झाडू भिंतीला टेकवून पायरीवर बसूनच राहिले. थोड्या वेळानं फ्राऊ क्राउस यांचं दार उघडलं.

"केरवोखे चाललीय की उरलाउब?" त्यांनी विचारलं. म्हणजे, झाडतेयस की सुट्टीवर आहेस?

"दोन्ही," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. मी कुठल्या पायरीवर बसलेय ते त्यांनी पाहिलं होतं. "उद्या मला पुस्तकाची मुद्रितं परत पाठवायची आहेत," एवढंच म्हणाल्या आणि दार लोटून आत गेल्या. दार त्यांनी पूर्ण लावलं नाही.

पाच वर्षांपूर्वी याच पायरीवर माझे वडील बसले होते. मांडीवर रुमाल, रुमालावर क्विटे, हातात खिशातली अडकित्त्याएवढी सुरी.

अण्णांचं औरंगाबादला गुलमंडीच्या मागच्या गल्लीत काष्ठौषधींचं दुकान होतं. गुळवेल, ज्येष्ठमध, हिरडा, नागरमोथा. दोन्ही बाजूंना लाकडी खणांच्या भिंती, आणि कुठल्या खणात काय आहे हे फक्त अण्णांच्या हाताला ठाऊक. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूतून झाली. पुढे शेजारच्या एका म्हाताऱ्या हकीमसाहेबांनी त्यांना फारसी शिकवली, कारण हकीमसाहेबांची अक्षरं लागेनात म्हणून गिऱ्हाइकं चुकीची औषधं घेऊन जाऊ लागली होती. हकीमसाहेब गेले, त्यांच्या पोथ्या अण्णांकडे आल्या. आम्हा भावंडांच्या लहानपणी अण्णा दुपारी दुकानात मांडी घालून त्या उजवीकडून डावीकडे वाचत बसायचे आणि आई म्हणायची, "तुमचे वडील उलटे वाचतात, म्हणून सरळ बोलत नाहीत."

आई त्या वर्षी जूनमध्ये गेली. दिवस उरकून मी परत आले ती घरात नुसती फिरत होते. हेमंत, माझा नवरा, मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. तो म्हणाला, "अण्णांना बोलाव. एकटे काय करतायत तिथं?" कागद झाले, व्हिसा झाला, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला अण्णा आले. एका वेळी तीन महिने राहता येतं. मी मनात हिशेब मांडून मोकळी झाले होते, की आता तीन महिने, मग वसंतात पुन्हा तीन, मग पुन्हा पानगळीत. निम्मं वर्ष तिकडे, निम्मं माझ्याकडे. आईकडे मी इतकंही मागितलं नव्हतं. आई मागायच्या आधीच संपली.

पण अण्णांना इथलं मानवेना. पोट बिघडलेलं, झोप नाही. "पाणी जड आहे गं," म्हणायचे. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या घरांची उतरती छपरं मोजायचे. रेवा तेव्हा सहा वर्षांची. तिला सगळं मराठी कळायचं, पण तोंडातून जर्मनच यायचं.

"आज शाळेत काय झालं, बाळा?"

"निश्त्स."

"म्हणजे काय गं, शुभा?"

"काही नाही, अण्णा."

"काही झालं नाही, की तू मला सांगत नाहीस?"

ते शाळेबद्दल विचारत नव्हते हे मला तेव्हाही कळलं होतं. मी पोळी लाटत राहिले.

आणि मग ती टोपली आली. मी दुपारी कामावरून परतले तर अण्णा जिन्यात. एक फळ त्यांनी आडवं चिरलं होतं आणि आतल्या तपकिरी बिया तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेल्या होत्या. एक बी जिभेवर ठेवली, थांबले, आणि मग माझ्याकडे अशा चेहऱ्यानं बघितलं की मला वाटलं काही चावलंबिवलं की काय.

"शुभा, अगं हा बेहदाणा!"

बेहदाणा माझ्याही ओळखीचा होता. खोकला झाला की आई रात्रीचा भिजत घालायची. सकाळी त्याचा बुळबुळीत लगदा व्हायचा, सब्जासारखा. पण तो अण्णांच्या तिसऱ्या ओळीतल्या खणातून यायचा, आणि खणात कुठून यायचा हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. इराणातून, काश्मीरातून गोण्या येतात इतकंच अण्णांनाही माहीत.

"पन्नास वर्षं मी यांची लेकरं विकली," अण्णा म्हणाले. "आईबाप आज भेटले."

आवाज ऐकून फ्राऊ क्राउस बाहेर आल्या. फळांच्या चिरफळ्या बघून त्यांच्या कपाळाला आठी पडलीच होती. अण्णा गडबडीनं उठले, आणि जर्मन येत नाही, इंग्रजी सुचत नाही, अशा घाईत त्यांनी झाडाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बिही. बिही."

फ्राऊ क्राउस यांची आठी तशीच राहिली, पण तोंडातून जे वाक्य आलं ते जर्मन नव्हतं. अण्णांनी उत्तर दिलं. त्यांनी काहीतरी विचारलं. अण्णा हसायला लागले. आईनंतर ते हसताना मी पहिल्यांदा पाहत होते, आणि कशाला हसले ते मला समजलं नव्हतं.

नंतर उलगडा झाला. फ्राऊ क्राउस औषधनिर्मात्या. तरुणपणी नवऱ्याच्या नोकरीपायी इस्फहानला आठ वर्षं राहिलेल्या. तिथल्या बाजारात भाजी घेता घेता फारसी शिकल्या, मग वाचायला शिकल्या. नवरा वारल्यावर हाती वेळ आला, तेव्हा एका ग्रंथालयातून त्यांनी एका फारसी हस्तलिखिताच्या छायाप्रती मिळवल्या आणि त्याचं जर्मन भाषांतर करायला घेतलं. पोथीचं पहिलं पान नाही, शेवटचं नाही, लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. आठेकशे वर्षांपूर्वीचा कोणी हकीम. प्रवासाला निघणाऱ्यांची तब्येत कशी राखावी, एवढंच तो सांगतो. पायाला फोड आले तर काय, वाळवंटात तहान लागली तर काय, उवा झाल्या तर काय. अण्णांनी त्याचं नाव मुसाफिर हकीम ठेवून टाकलं.

फ्राऊ क्राउस यांना शब्द कळत होते, पण हात कळत नव्हता. हकीम लिहितो, बिहीचा, म्हणजे या क्विटेचाच, रस मधाबरोबर आटवावा, चमच्यावरून ओघळताना जरा रेंगाळेल इतका. त्या विचारायच्या, किती मिनिटं? अण्णा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना लावून हळूच उघडून दाखवायचे. एकतारी पाक. आता हे जर्मनमध्ये कसं लिहायचं? मग भांडं चुलीवर चढायचं. तिथूनच त्यांचा नियम ठरला. जे करून पाहिलं नाही ते पान उलटायचं नाही. हकीमसाहेबांच्या हाताखाली अण्णा असंच शिकले होते, आणि औषधं बनवण्यात जन्म घालवलेल्या बाईंना ते आयतंच पटलं. कृती जमली की समासात हिरव्या पेन्सिलीची बरोबरची खूण.

खाली स्वयंपाकघर लहान, म्हणून हे सगळं आमच्याकडे. मंगळवारी आणि शुक्रवारी, कॉफीच्या वेळी. पातेल्यात फिकट पिवळ्या फोडी शिजायला लागायच्या आणि बघता बघता त्यांना गुलाबी छटा चढायची, मग विटकरी. खिडकीच्या काचांवर वाफ. बाहेर पानं लाल, आत पातेलं लाल. अण्णा त्यांना खानम म्हणायचे, त्या अण्णांना हेर दोक्टर. "हेर दोक्टर, गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं त्या टेबलावर हात मारून म्हणायच्या आणि पुन्हा दोघं फारसीत शिरायचे. मला मराठी येतं, जर्मन येतं, इंग्रजीवर तर मी पोट भरते. आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच वडिलांशी बोलायला मला दुभाष्या लागत होता. खोटं कशाला सांगू, मला हेवा वाटायचा. मी बशा जरा जोरात ठेवायचे.

पायांना लावायच्या तेलाचा प्रयोग हेमंतवर झाला. हकीम म्हणतो, दहा कोस चालून आलेल्या माणसाच्या तळव्यांना हे चोळावं.

"अण्णा, मी सिंडेलफिंगेनपर्यंत अकरा मिनिटं गाडी चालवतो," हेमंत मोजे काढत म्हणाला. "तीही ऑटोमॅटिक."

"पण दमता ना?"

"हो, दमतो."

"मग झालं तर."

हेमंत सोफ्यावर तसाच झोपून गेला. हिरवी खूण.

अण्णांचं पोट मात्र बिघडलेलंच होतं. क्विटेचं सरबत घेतलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोथीतलं पाण्याचं पान आलं. अण्णांनी ते वाचलं, आणि मग आपणहून मला मराठीत सांगितलं.

हकीम म्हणतो, प्रवाशाला सगळ्यात जास्त छळतं ते बदललेलं पाणी. अन्नापेक्षा जास्त, हवेपेक्षा जास्त. म्हणून निघताना ज्या गावाहून निघालात तिथली थोडी माती बरोबर घ्या. जिथं मुक्काम पडेल तिथल्या पाण्यात ती कालवा, चांगली ढवळा, आणि खाली बसू द्या. वरचं निवळलेलं पाणी प्या. नवं पाणी मानवेल.

"औषधाच्या दुकानात पोटासाठी माती मिळते," फ्राऊ क्राउस म्हणाल्या. जर्मन लोक खरंच ती पाण्यातून घेतात. "ती चालेल?"

अण्णा म्हणाले, "खानम, जी डब्यात विकत मिळते ते औषध. हा माणूस गावची माती मागतोय."

"मग गावची माती कुठून आणायची?"

सगळेच विचारात पडलो. हेमंतला गणपती आठवला. पुण्याहून आणलेली शाडूची मूर्ती आम्ही दर वर्षी बादलीत विसर्जन करून ती माती बाल्कनीतल्या कुंडीत ओततो. अण्णांनी हातच झटकला. "शाडू आपल्याकडची असते होय? ती येते गुजरातेतून. आणि कुंडीत बाकी सगळी या खानमच्या बागेतली माती." हेमंतनं चपला आणून दाखवल्या. त्या इथं दुकानात घेतलेल्या निघाल्या. रेवानं आपल्या बुटांचे तळवे वर करून दाखवले. ती जन्मल्यापासून दोनदा औरंगाबादला गेली होती आणि दोन्ही वेळा तिचे बूट मी निघायच्या आधी धुतले होते.

"बघ शुभा," अण्णा म्हणाले, "घरात कुठं काही आहे का?"

"नाही, अण्णा," मी म्हणाले.

होती. मसाल्यांच्या खणात, ओव्याच्या बरणीमागे, कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी होती. आई गेल्यावर निघायच्या दिवशी मी तिच्या तुळशीतली मूठभर माती त्या डबीत भरून घेतली होती. झाकणावर कागद चिकटवून 'आई' असं लिहिलं होतं. का लिहिलं, कोणास ठाऊक. विसरणार थोडीच होते मी. ती डबी मी हेमंतलाही दाखवली नव्हती.

आईची माती द्यायची नव्हती म्हणून मी नाही म्हटलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं. दुसरं कारण त्याच क्षणी मनात आलं होतं आणि मला त्याची लाजही वाटली नाही. हे पान झालं की पोथी संपत होती. तीनच आठवडे राहिले होते. पान अपुरं राहिलं तर अण्णांना ते पुरं करायला यावंच लागेल. काहीही अर्धवट सोडून अण्णा कधी कुठून उठले नव्हते. मी त्यांना पानात वाढून ठेवलेला घास दाखवून धरून ठेवत होते, आणि त्यांचं पोट बिघडलेलं मला दिसत होतं. तरीही मी डबी काढली नाही.

फ्राऊ क्राउस यांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'निश्त एरप्रोब्ट'. करून पाहिलेलं नाही. हिरव्या खुणांच्या रांगेत तेवढं एक करडं अक्षर. मला बरं वाटलं. हे सांगताना आजही मला माझा राग येतो, पण बरं वाटलं होतं हे खरं.

जायच्या दिवशी सकाळी अण्णा बागेत बराच वेळ होते. झाडाची पानं गळून गेली होती. वर टोकाला एकच क्विटे राहिलेलं, हात न पोचल्यामुळे. अण्णा परत आले तेव्हा त्यांच्या नखांत माती होती. झाडाला नमस्कार केला असेल, असं मला वाटलं. त्यांच्या सामानात बेहदाण्याची एक पुडी होती, दुकानातल्या रिकाम्या खणात टाकायला. फ्राऊ क्राउस यांनी मोहरीच्या चटणीची एक रिकामी काचेची बरणी धुऊन दिली होती. सरबत घालायला असेल. मी विचारलं नाही.

स्टुटगार्टच्या विमानतळावर मी त्यांच्या कोटाची बटणं लावत म्हटलं, "वसंतात यायचं, अण्णा. हकिमाचं एक पान राहिलंय."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे की एखादं पान."

"राहू दे काय? करून पाहिल्याशिवाय उलटायचं नाही ना?"

"बघू," म्हणाले आणि रेवाच्या डोक्यावर हात ठेवला. रेवा म्हणाली, "च्यूस, आजोबा." मग अचानक, मराठीत, "लवकर या." अण्णांनी वाकून तिचा मुका घेतला. मी पार्किंगच्या तिकिटाकडे बघत राहिले.

वसंतात मोतीबिंदू निघाला. पानगळीत गुडघे. पुढच्या वसंतात पुतण्याचं लग्न. मी रविवारी कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून फोन लावायची, आणि पहिला प्रश्न अण्णाच विचारायचे, "झाडाला यंदा किती आली?" मी फुगवून आकडा सांगायची. शेवटी, कार्डातली बाई उरलेली मिनिटं सांगायच्या आत, घाईनं मी म्हणायची, "अण्णा, ते पान राहिलंय हं."

"हो. राहिलंय खरं," अण्णा म्हणायचे. "यायला हवं एकदा."

हे असं दोन वर्षं चाललं. आता कळतं, आम्हा दोघांना एकमेकांना जे म्हणायचं होतं ते सगळं त्या एका पानावर ठेवलेलं होतं. मी 'या' म्हणत नव्हते, ते 'येत नाही' म्हणत नव्हते. पान राहिलंय, इतकंच.

तिसऱ्या वर्षी, इथं झाडाला पालवी फुटत होती तेव्हा, अण्णा दुपारी जेवून दुकानात पडले ते उठलेच नाहीत. मी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. भाऊ पुण्याला असतो. घर बंद करायचं, दुकान आवरायचं, हे आम्ही दोघांनी चार दिवसांत उरकलं. खण उघडायचे, वास घ्यायचा, ओळखला तर ठीक, नाहीतर पोत्यात. तिसऱ्या ओळीतला खण उघडला आणि बेहदाण्यावर ठेवलेली ती मोहरीची बरणी दिसली. तिच्यावरचं जर्मन लेबल अर्धवट धुतलेलं. आत तळाशी काळसर माती, कोरडी पडून भेगाळलेली.

बरणीखाली अण्णांची प्रयोगाची वही होती. प्रत्येक नव्या औषधाची नोंद ते हकीमसाहेबांच्या शिस्तीनं करायचे. काय घेतलं, कसं केलं, गुण आला की नाही. मी शेवटची पानं उलटली. बॉबलिंगेनहून परतल्यावर पंधरा दिवसांनी केलेली नोंद होती.

'मुसाफिर हकिमाचं राहिलेलं पान. माती, शुभाच्या घरामागच्या बेहदाण्याच्या झाडाखालची. पाणी, आपल्या नळाचं. सकाळी कालवून ढवळलं, दुपारी निवळलं. आठ दिवस घेतलं. हकीम सांगतो, ज्या गावाहून निघालात तिथली माती घ्या. मी निघालो तो बॉबलिंगेनहून. इथं परत आल्यापासून पाणी मानवत नव्हतं. घर मोठं वाटतं. गुण आहे.'

खाली थोडी जागा सोडून, वेगळ्या शाईनं, आणखी तीन ओळी.

'शुभाच्या मसाल्याच्या खणात, ओव्याच्या मागे, हिच्या तुळशीची माती आहे. डबीवर आई लिहिलंय. पोट दुखत होतं म्हणून ओवा शोधताना दिसली. मागितली नाही. मी परत यावं म्हणून ठेवली असेल. पोरीला हे पान झालंय म्हणून कळवायचं नाही.'

मी त्या दुकानात, खणांच्या मधे, फरशीवर बसून मोठ्यानं रडले. भाऊ धावत आला. त्याला मी वही दिली नाही, नुसती बरणी दाखवली. त्याला वाटलं, वास न ओळखता आलेलं काही औषध आहे.

म्हणजे मी कार्ड खरवडून खरवडून ज्या पानाची आठवण देत होते, ते केव्हाच करून झालेलं होतं. आणि अण्णा जाणूनबुजून दर रविवारी, "हो, राहिलंय खरं," म्हणत होते. मला वाटायचं, मी त्यांना धरून ठेवलंय.

वही मी इकडे आणली. फ्राऊ क्राउस यांना अण्णा गेल्याचं सांगितलं. त्या वर्षी त्यांनी टोपली पायरीवर ठेवली नाही, सगळी क्विटे झाडाखालीच पडू दिली. पण वहीतली नोंद मी त्यांना सांगितली नाही. या पायरीवरून मी हजार वेळा वरखाली केलं असेल. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. आणि दर वेळी वाटायचं, सांगितलं की खूण होणार. मग माझ्यापाशी काय राहणार?

त्यांचं भाषांतर आता छापून येतंय. छोटंसंच पुस्तक. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलंय की यातली प्रत्येक कृती औरंगाबादच्या एका जाणकारासोबत स्वतः करून पाहिली आहे, एक सोडून. उद्या मुद्रितं गेली की ते 'एक सोडून' कायमचं छापलं जाईल. अण्णांच्या नावावर आयुष्यात एकच काम अर्धवट राहिलं असं छापलं जाईल, आणि तेही माझ्यामुळे, आणि तेही खोटं.

मी पायरीवरून उठले. वर गेले, कपाटातून वही काढली. तिला क्विटेचा वास लागला होता. खाली येऊन लोटलेलं दार ढकललं. फ्राऊ क्राउस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा लावून बसल्या होत्या, समोर मुद्रितं, शेजारी त्या जुन्या छायाप्रती आणि पेन्सिलींचा पेला.

मी उभ्यानंच नोंद वाचली. आधी मराठीत, कारण अण्णांचं अक्षर डोळ्यांसमोर असताना दुसरं काही तोंडात येईना. मग एकेक वाक्य जर्मनमध्ये. 'मी निघालो तो बॉबलिंगेनहून' इथं त्यांनी चष्मा काढला. शेवटच्या तीन ओळीही वाचल्या. डबीचं सगळं सांगून टाकलं.

"आल्झो, असं होतं तर," त्या म्हणाल्या. "बरणी त्यांनी मागितली होती. मला वाटलं, सरबत नेतायत."

"मलाही तेच वाटलं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "दोघींनाही."

त्यांनी मुद्रितातलं ते 'एक सोडून' रेघ मारून काढलं. मग जुनं पान माझ्यापुढे सरकवलं आणि पेल्यातून हिरवी पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. त्यांचे हात अलीकडे थरथरतात, म्हणून दिली असेल. किंवा त्यासाठी नसेलही. करड्या अक्षरांतलं 'निश्त एरप्रोब्ट' मी खोडरबरानं पुसलं. कागद जुना, हळूहळू पुसावं लागलं. मग खूण केली.

बाहेर टोपली तशीच होती, झाडूही. मी इमारतीच्या दारापुढच्या उरलेल्या चार पायऱ्या झाडल्या आणि दोन क्विटे घेऊन वर आले. रेवा शाळेतून येईल. ती आता अकरा वर्षांची आहे. तिला आज ती डबी दाखवणार आहे.

पान पुरं झालं. आता अण्णांना 'या' म्हणायला माझ्याकडे एकही निमित्त उरलेलं नाही.